‘काहीतरी ताकदीचं द्या’: व्हिटॅमिनच्या गोळ्या घेताना या चुका टाळा

कोथरूडमध्ये माझं मेडिकलचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. संध्याकाळी सात ते नऊ या वेळात काउंटरवर निम्म्या लोकांचं एकच म्हणणं असतं, "थकवा येतो हो, काहीतरी ताकदीचं द्या." कशामुळे येतो, रक्त तपासलंय का, असं विचारलं की माणूस चिडतो. मागे रांग असते, त्यामुळे मीही चिडतो.

सगळ्यात धोकादायक चूक म्हणजे आठवड्याची पुडी रोज घेणं. व्हिटॅमिन डीची पुडी किंवा कॅप्सूल ६०,००० युनिटची असते. डॉक्टर आठवड्यातून एक लिहितात, बहुतेकदा आठ आठवडे. आपली रोजची गरज ६०० युनिटच्या आसपास, म्हणजे एका पुडीत शंभर दिवसांचा शिधा असतो.

आमच्या भागातले एक निवृत्त काका, हिशेबाला पक्के. रिपोर्टमध्ये डी ९ आलं, म्हणजे फारच कमी. आठ आठवडे कोण थांबणार, म्हणून रोज सकाळी दुधातून एक पुडी सुरू केली. शिवाय गुडघ्यांसाठी कॅल्शियम दोन वेळा. चार पुड्या या दुकानातून, चार त्या दुकानातून, असं दोन-अडीच महिने चाललं. त्यातल्या काही मीच दिल्या होत्या, चिठ्ठी न बघता, कारण काका रोजचे. ते मला अजून खुपतं. आधी त्यांची तोंडाची चव गेली, मग पोट साफ होईना, मग रात्री पाच-सहा वेळा लघवीला उठायला लागले. घरच्यांना वाटलं शुगर असेल. एके दिवशी मयूर कॉलनीतून फिरून परतताना काकांना स्वतःची सोसायटी सापडेना. वॉचमनने हात धरून आणलं. डी जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं. दवाखान्यात ते निघालं १३.८, साडेदहाच्या आत असायला हवं. क्रिएटिनिनही वाढलेलं, म्हणजे किडनीवर ताण. चार दिवस सलाईन लागलं.

बी किंवा सी जास्त झालं तर बरंचसं लघवीवाटे निघून जातं. डी तसं नाही, ते चरबीत साठून बसतं. पुडी बंद केल्यावरही काकांचा डीचा आकडा उतरायला काही महिने गेले.

तेव्हापासून मी पाकिटावर जाड स्केचपेनने ‘फक्त रविवार’ असं लिहून देतो आणि घरी गेल्यावर कालनिर्णयवर आठ रविवारांना गोल करायला सांगतो. पुडी घेतली की गोलावर फुली. जेवणानंतर घ्या, दुधा-तुपाबरोबर ती नीट शोषली जाते. आणि आठ झाल्या की थांबा. ‘अजून चार घेऊन टाकतो’ हे ठरवायचं काम डॉक्टरांचं.

दुसरी चूक जिवावर बेतत नाही, पण पैसे आणि महिने दोन्ही वाया घालवते, ती म्हणजे लोहाची गोळी चहाबरोबर घेणं. एक ताई सहा महिने माझ्याकडून लोहाच्या गोळ्या नेत होत्या आणि हिमोग्लोबिन नऊवरून हलत नव्हतं. कंपनी बदलून झाली, महागडी घेऊन झाली. शेवटी मी विचारलं, गोळी घेता कधी? म्हणाल्या, "सकाळी चहा-खारीबरोबर. कॅल्शियमचीही तेव्हाच, म्हणजे विसरायला नको." चहातलं टॅनिन लोह शोषू देत नाही आणि कॅल्शियमही आडवं येतं. म्हणजे तिघांना एकाच वेळी घरात घेऊन भांडत बसवलेलं. मी त्यांना लोहाची गोळी अकरा वाजता लिंबूपाण्याबरोबर घ्यायला सांगितली. चहा त्याआधी-नंतर निदान तासभर नाही, कॅल्शियम रात्री जेवल्यावर. तीन महिन्यांनी आकडा साडेअकरा. शौचाला काळं होतं म्हणून घाबरून बंद करणारेही खूप येतात. लोहामुळे ते होतंच. मळमळत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी बदला, सोडू नका.

थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी लोह आणि कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब ठेवायचं.

केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त तपासायला जाताना लॅबमध्ये सांगा. थायरॉईडचे आकडे त्याने खोटे येऊ शकतात.

स्पिरुलिनातून बी-१२ मिळतं असं कोणी गळी उतरवत असेल तर नमस्कार करून निघा. त्यातलं बहुतेक बी-१२ आपल्या शरीराच्या कामाचंच नसतं. शाकाहारी असाल आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल, तर बी-१२ तपासून घ्याच. तळपायाला मुंग्या येत असतील तर नुसतं फॉलिक ॲसिड गिळत बसू नका. त्याने रक्ताचा रिपोर्ट सुधारलेला दिसतो, पण बी-१२ कमीच राहिलं तर नसांचं नुकसान चालूच राहतं.

"आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही" हे वाक्य मी दिवसातून चारदा ऐकतो. दुधात चिमूटभर हळद आणि हळदीचा अर्क भरलेली कॅप्सूल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अश्वगंधेच्या गोळ्यांनी यकृताला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर यातलं काहीही मनाने सुरू करू नका.

राहता राहिली जिमवाली पोरं. तीन महिन्यांत शरीर हवं, म्हणून थेट प्रोटीन पावडरचा दोन किलोचा डबा. परवा एकाला विचारलं, सकाळी काय खाल्लंस? म्हणे, ब्लॅक कॉफी. साठ किलोच्या माणसाला दिवसाला पन्नासेक ग्रॅम प्रथिनं लागतात. व्यायाम करणाऱ्याला थोडी जास्त, पण दोन अंडी, मटकीची उसळ, दही, पन्नास ग्रॅम सोयाबीनच्या वड्या एवढ्यातच पन्नाशी गाठली जाते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारसूचनांमध्ये स्नायू वाढवायला प्रोटीन पावडर टाळा असंच म्हटलंय. एवढं ऐकूनही डबा हवाच असेल तर त्यावर चौदा आकडी एफएसएसएआय नंबर (सरकारी अन्नसुरक्षा परवान्याचा) आहे का बघा, आणि पक्कं बिल घ्या. पोराने सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि विचारलं, "काका, चॉकलेट फ्लेवर आहे का?"