साय-फाय आणि फँटसी वाचायची तर सुरुवात कुठनं करायची

गेल्या महिन्यात आतेभावाचा पोरगा घरी आला होता, अकरावीला आहे, म्हणाला काका साय-फाय-फँटसीचे सिनेमे बघून झाले सगळे, आता ह्यातली पुस्तकं वाचायचीत, कुठनं चालू करू सांगा की. मी तिथल्या तिथं पाच नावं फेकली आणि रात्री झोपताना लक्षात आलं की सगळी उलटी सांगितली, मला आवडलेल्या क्रमानं सांगितली, वाचायच्या क्रमानं नाही. म्हणून आता नीट लिहून काढतोय, त्याच्यासाठी आणि अजून कुणाला पाहिजे असेल तर त्याच्यासाठी.

पहिलं म्हणजे जाडजूड पुस्तकाला एकदम हात घालू नका. मी तेच केलेलं. कॉलेजात असताना जुन्या पुस्तकांच्या ढिगातनं टॉल्किनचं 'द सिल्मरिलियन' उचललं, का तर स्वस्त होतं आणि कव्हर भारी होतं. पन्नास पानांत एवढी नावं आली की लग्नातल्या आहेराच्या वहीतपण तेवढी नसतील, आणि त्यात एकाच माणसाला तीन तीन नावं. दिलं ठेवून. नंतर कळलं ते पुस्तक टॉल्किन गेल्यावर त्याच्या मुलानं १९७७ मध्ये काढलेलं, म्हणजे त्या दुनियेचं पुराण आहे ते, आणि पुराणापासून सुरुवात करून गोष्टीत कोण शिरतंय! टॉल्किनच पाहिजे असेल तर 'द हॉबिट' घ्या, १९३७ चं, पोरांसाठी लिहिलेलं. एक घरकोंबडा माणूस आपला निवांत बसलेला असतो आणि त्याच्या दारात तेरा बुटके येऊन फडताळातलं सगळं खाऊन टाकतात, तिथनं सुरू. हे जमलं तर मग 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'.

पण खरं सांगू का, इंग्रजीच्या आधी मराठी कथा घ्या. लहान असते, एका बैठकीत संपते, नाही आवडली तर अर्धा तास गेला एवढंच. जयंत विष्णू नारळीकर आपल्या बेळगावशेजारच्या कोल्हापुरात जन्मलेले, १९७४ ला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' ह्या नावानं, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, आणि बक्षीस मिळालं. 'यक्षांची देणगी' हा संग्रह जुन्या लायब्रऱ्यांत बहुतेक सापडतोच, तो पहिला धरा.

त्यांची एक कथा आहे 'उजव्या सोंडेचा गणपती'. ती वाचायच्या आधी एक उद्योग करा, मी त्या पोराकडनं करून घेतला. वहीच्या पानाची बोटभर रुंद लांब पट्टी कापायची, एका टोकाला अर्धा पीळ द्यायचा आणि दोन्ही टोकं चिकटवायची. मग पेन टेकवायचं आणि न उचलता मधनं रेघ ओढत जायचं. पेन फिरत फिरत जिथनं निघालं तिथंच येतं आणि बघितलं तर कागदाच्या दोन्ही बाजूंना रेघ, मध्ये कुठं पेन उचललेलं नाही! पोरगं दोनदा ओढून बघत होतं, पट्टी उलटी-सुलटी करत होतं, चिकटवताना मी काही हातचलाखी केली का म्हणून संशय. आता ह्याच पिळासारख्या जागेतनं एखादी वस्तू फिरून आली तर तिचं डावं-उजवं बदलेल, आरशातल्यासारखं, एवढं एकच गृहीत धरायचं. बाकी कथा तुम्ही वाचा.

आणि कसं वाचायचं ते ह्यातच आलं बघा. पहिल्या दोन-तीन पानांत एवढंच हुडकायचं की ह्या लेखकानं आपल्या जगातली नेमकी कुठली गोष्ट बदलली आहे. ती सापडली की बाकीच्याला त्या हिशोबानं हो म्हणत जायचं, आणि लेखक स्वतःच तो हिशोब मोडायला लागला तर पुस्तक खुशाल बंद करा. लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे, हे सगळे ह्या पद्धतीनं वाचून बघा. लायब्ररीत 'नवल'चे जुने दिवाळी अंक मिळाले तर तेपण सोडू नका.

आता अनोळखी शब्दांची भानगड. बरेच जण इथंच गळतात. फ्रँक हर्बर्टचं 'ड्यून' (१९६५) उघडलं की पहिल्या पानापासनं असले शब्द येतात, आणि मागं अख्खा शब्दकोश दिलाय. तो उघडू नका. आपण बेळगावची माणसं, आपल्याला हे शिकवायची गरजच नाही खरं तर. मी लहानपणी सीबीटीवर, म्हणजे आपल्या बसस्टँडवर, कन्नड बोर्ड वाचत नव्हतो, ओळखत होतो, खानापूरच्या बसचं पहिलं अक्षर कसं गोल दिसतं ते डोक्यात बसलेलं, आणि तसं करत करत एक दिवस सगळा बोर्ड वाचता यायला लागला, कुणी बाराखडी घेऊन बसवलं नाही. 'ड्यून' तसंच वाचायचं. शब्द तीनदा आला की कळतो, नाही कळला तर तो महत्त्वाचा नव्हता.

फँटसीत मला सगळ्यात जवळचं वाटतं ते अर्सुला ले ग्विनचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी', १९६८ चं, बारकंसं आहे, दोन-तीन दिवसांत होतं. तिथं जादू म्हणजे वस्तूचं खरं नाव माहीत असणं. माणसाला रोजच्या हाकेचं नाव वेगळं आणि खरं नाव वेगळं, आणि ते खरं नाव अगदी भरवशाच्या माणसालाच सांगायचं. बेळगाव, बेळगावी, बेलगाम, ह्यातलं कुठलं म्हटलं की समोरच्याच्या कपाळावर आठी पडते ते बघत मोठे झालेल्या माणसाला हे पुस्तक जरा जास्तच कळतं असं आपलं माझं मत.

मालिका असेल तर ज्या सालात छापली त्या क्रमानं वाचायची, गोष्टीतल्या काळाच्या क्रमानं नाही. आसिमोव्हचं 'फाउंडेशन' १९५१ चं, त्यापुढची दोन १९५२ आणि १९५३ ची, तिथं खुशाल थांबा. आधीच्या काळातली गोष्ट त्यांनी १९८८ मध्ये लिहिली, ती आधी वाचली तर मजा जाते. टेरी प्रॅचेट मात्र ह्याला अपवाद. त्याच्या डिस्कवर्ल्ड मालिकेच्या ४१ कादंबऱ्या आहेत आणि पहिली काही सगळ्यात चांगली नाही, 'गार्ड्स! गार्ड्स!' पासनं घ्या, पोलीस चौकीतली माणसं आणि एक ड्रॅगन, हसून हसून पोट दुखतं. जॉर्ज मार्टिनची 'गेम ऑफ थ्रोन्स'वाली मालिका चालू करणार असाल तर पाचवा भाग २०११ ला आलाय आणि सहाव्याची वाट अजून लोक बघतायत, हे माहीत असू दे.

बाकीचं पटपट सांगतो. अंतराळ आवडत असेल तर क्लार्कचं 'राँदेव्हू विथ रामा', ५० किलोमीटर लांबीचं एक नळकांडं आपल्या सूर्यमालेत येतं आणि माणसं आत जाऊन बघतात, बस्स, मारामारी नाही. ल्यु त्सिशिनचं 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम' मधे थोडं रेंगाळतं पण सोडू नका. ज्यूल व्हर्न भा. रा. भागवतांच्या मराठीत मिळाला तर तोच वाचा. त्याचा तो पाणबुडीवाला कॅप्टन नेमो मुळात बुंदेलखंडाचा राजपुत्र आणि टिपू सुलतानाच्या नात्यातला, हे 'मिस्टीरियस आयलंड'मध्ये शेवटी शेवटी कळतं, मी वाचताना उडालोच होतो.

आणि आपल्याकडचं राहिलंच की. जी. ए. कुलकर्णी, जन्म एकसंब्याचा, चिकोडीकडचं, पुढं धारवाडला इंग्रजी शिकवायचे. त्यांना फँटसीवाले कुणी म्हणत नाही, पण 'काजळमाया'तला 'विदूषक' किंवा 'रमलखुणा'तल्या 'प्रवासी' आणि 'इस्किलार' वाचा, गाव कुठल्या नकाशावरचं नाही, काळ कुठला ते माहीत नाही, तरी सगळं डोळ्यासमोर. एका संध्याकाळी एकच कथा, दोन वाचल्या तर झोप लागत नाही. ज्यांना कन्नड वाचता येतं त्यांनी पूर्णचंद्र तेजस्वींचं 'कर्वालो' (१९८०) घ्याच. एक शास्त्रज्ञ, एक शेतकरी आणि मधमाश्यांच्या मागं लागलेला मंदण्णा मलनाडच्या जंगलात उडणारा सरडा हुडकत फिरतात, आणि जांबोटीकडचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला ते जंगल वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

विकत घ्यायच्या आधी लायब्ररीतनं आणून पन्नास पानं वाचा, पटलं तरच पैसे घाला. आणि कुणाला दिलं की वहीत नाव, तारीख लिहून ठेवा. माझं 'अर्थसी' निपाणीत कुणाकडं तरी आहे, कुणाकडं ते आठवत नाही.