आधी दोरी, मग इंजिन

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. तेवढे दिवस फायबरची होडी किनाऱ्यावर शाकारलेली आणि आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं, इंजिन पडवीत उभं. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला की हात शिवशिवायला लागतात. पण पहिल्या दिवशी तासभर लवकर बंदरावर या. तो तास इंजिनाला द्या.

इंजिन मागच्या फळीवर चढवलं की दोन्ही पकडीचे स्क्रू हाताने पूर्ण आवळा. दहा मिनिटं इंजिन चालल्यावर ते पुन्हा आवळा, कारण थरथरीने पहिल्यांदा हमखास ढिले पडतात. शिवाय एक जाड दोर इंजिनाला आणि होडीला वेगळा बांधलेला असू दे. मग पंखा हाताने फिरवून पाहा. त्याच्या मागे शाफ्टला तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा धागा, गुंडाळलेला असतो, वरून दिसत नाही, आणि तोच पाणी अडवणारं सील कापतो. गियरचं तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय. सील बदलल्याशिवाय समुद्रात जाऊ नका.

जुनं पेट्रोल काढून टाका. टू-स्ट्रोक इंजिनाला पुस्तिकेत ५०:१ लिहिलं असेल तर १० लिटर पेट्रोलला २०० मिलि तेल, ते मापाने घाला, अंदाजाने नको. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा, पेट्रोलच्या नळीवरचा रबरी बल्ब बाणाचं टोक वर करून धरा आणि कडक लागेपर्यंत दाबा. रॉकेलवर चालणारं इंजिन पेट्रोलवर सुरू करायचं, तापल्यावर रॉकेलवर न्यायचं आणि बंद करण्याआधी परत पेट्रोलवर आणायचं. नाहीतर कार्ब्युरेटरमध्ये रॉकेल राहतं आणि पुढच्या वेळी दंड दुखेपर्यंत ओढलं तरी ते पेटत नाही.

आता लाल दोरी. तिची क्लिप किल स्विचच्या, म्हणजे इंजिन बंद करणाऱ्या, बटणाखाली बसवा आणि दुसरं टोक मनगटात किंवा लाइफ जॅकेटच्या पट्ट्यात घट्ट अडकवा. हँडलला किंवा बाकाला बांधलेली दोरी नसल्यातच जमा. चालवणारा पाण्यात पडला की हँडल मोकळं सुटतं, इंजिन एका बाजूला वळतं आणि होडी गोल फिरून पडलेल्या माणसाच्याच अंगावर येते, फिरत्या पंख्यासकट. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या, ३ किंवा जास्त अश्वशक्तीच्या होड्या वेगात असताना ही दोरी लावणं कायद्याने सक्तीचं आहे. आपल्याकडे ती बहुतेक होड्यांवर इंजिनालाच लोंबकळत असते, हे पाहून माझा जीव खालीवर होतो.

मालवणजवळच्या देवबागच्या संगमावर, सुकती (ओहोटी) लागलेली आणि समोरून लाट, मी जाळ्याचा बोया शोधायला उभा राहिलो आणि गेलो पाण्यात. डोकं वर काढलं तेव्हा इंजिनाचा आवाज थांबलेला होता. दोरीने काम केलं. पण होडीवरचा चुलतभाऊ स्टार्टर ओढतोय, ओढतोय, आणि इंजिन काही घेईना, कारण क्लिप माझ्या मनगटाला लोंबत होती. होडी सुकतीबरोबर बाहेर चाललेली. शेवटी त्याने वल्ह्याने मला गाठलं. त्या दिवसापासून दुसरी क्लिप होडीतच, टाकीजवळच्या खिळ्याला पिवळ्या दोऱ्याने बांधलेली असते, आणि होडीत पाय टाकणाऱ्या प्रत्येकाला मी ती आधी दाखवतो.

सुरू करताना गियर न्यूट्रलला, हँडल स्टार्टच्या खुणेवर, इंजिन थंड असेल तर चोक ओढलेला. इंजिन लागलं की मागे बघा: बारीक छिद्रातून पाण्याची धार पडायला हवी. नसेल तर लगेच बंद करा. वाळू किंवा प्लास्टिकची पिशवी अडकली असेल, नाहीतर पंपाचं रबर गेलं असेल. धार नीट असेल तर न्यूट्रलमध्येच क्लिप एकदा ओढा. इंजिन तिथल्या तिथे बंद पडलं पाहिजे. ही तपासणी मी रोज करतो, एखाद्या सकाळी घाई असली तरीही.

गियर कमीत कमी वेगावर आणि एकाच ठाम हाताने टाका, घासत घासत नको. पुढून मागे जाताना न्यूट्रलला क्षणभर थांबा. मागे घेण्याआधी टिल्टचा खटका लागलाय ना पाहा, नाहीतर इंजिन वर उचलतं. थ्रॉटल घट्ट करणारा स्क्रू ढिलाच ठेवा, म्हणजे हात सुटला तर होडी त्याच वेगाने धावत राहणार नाही.

कोणी पोहायला उतरलं असेल तर न्यूट्रलवर विसंबू नका. शिडी लावण्याआधी क्लिप ओढा आणि ती हातात वर धरून पाण्यातल्या माणसाला दिसू द्या.