आफ्रिकी तत्त्वज्ञान शिकवताना या चुका टाळा

आफ्रिकी तत्त्वज्ञानाचा तास बहुतेक ठिकाणी ‘आपण आहोत, म्हणून मी आहे’ या वाक्याने सुरू होतो आणि तिथेच संपतो. फळ्यावर या विचाराचं नाव, ‘उबुंटू’, लिहिलं जातं, खाऊच्या टोपलीकडे हातात हात घालून धावणाऱ्या मुलांची व्हॉट्सॲपवरची गोष्ट सांगितली जाते आणि वर्ग माना डोलावतो. शिक्षकाचा हेतू चांगला असतो. अभ्यासक्रमावरची वसाहतकाळाची पकड सैल व्हावी असं त्याला मनापासून वाटतं. पण अशा तासातून आफ्रिकेतली माणसं प्रेमळ आहेत एवढंच कळतं. ती वाद घालतात, एकमेकांचं म्हणणं खोडून काढतात, हे कळतच नाही. साधे, भोळे, निसर्गाजवळचे लोक असं कौतुक साम्राज्याच्या काळातही होत असे. नाकारली गेली ती त्यांची तर्कबुद्धी.

उबुंटूचं सुभाषित करू नका

उबुंटू जरूर शिकवा, पण ही कल्पना जिथे पणाला लागली तिथून सुरुवात करा. दक्षिण आफ्रिकेच्या १९९३ च्या अंतरिम राज्यघटनेचा समारोप सांगतो की देशाला सूड नको, समजूत हवी; बदला नको, भरपाई हवी; कुणाचा बळी नको, उबुंटू हवं. १९९५ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने मॅक्वान्याने खटल्यात फाशीची शिक्षा रद्द केली, तेव्हा अनेक न्यायाधीशांनी उबुंटूचा आधार घेतला.

इथवर सगळं सोपं वाटतं. पुढच्याच वर्षी त्याच न्यायालयात स्टीव्ह बिको यांचे कुटुंबीय दाद मागायला आले. वर्णभेदाविरुद्ध लढणारे नेते बिको १९७७ मध्ये पोलीस कोठडीतल्या मारहाणीनंतर मरण पावले होते. वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगापुढे गुन्ह्याची पूर्ण कबुली देणाऱ्याला माफी मिळू शकत होती आणि एकदा ती मिळाली की त्याच्यावर खटलाही चालणार नव्हता. आमचा न्याय मागण्याचा हक्कच यात जातो, असं या कुटुंबाचं म्हणणं होतं. न्यायालयाने ते फेटाळलं आणि आधार घेतला तो राज्यघटनेच्या त्याच समारोपाचा.

हे दोन निकाल वर्गात शेजारी शेजारी ठेवा. माणूस इतर माणसांमुळे माणूस होतो, हे मान्य केलं तरी क्षमा कोणी करायची? ज्यांचं माणूस गेलं त्यांच्या वतीने राज्याने ती करावी का? इथे विद्यार्थी अडखळतात, चिडतात, एकमेकांशी भांडतात. तो तास मला तत्त्वज्ञानाचा वाटतो.

‘आफ्रिकी लोक असं मानतात’ हे वाक्य खोडा

बेल्जियन मिशनरी प्लासिड टेंपल्स यांनी १९४५ च्या सुमारास आफ्रिकेतल्या बांटू भाषा बोलणाऱ्या लोकांच्या तत्त्वज्ञानावर पुस्तक लिहिलं. त्या काळात हे धाडसच होतं. पण त्यांचा दावा असा, की बांटूंकडे तत्त्वज्ञान आहे, फक्त ते त्यांना स्वतःला नीट मांडता येत नाही. ते आपण मांडू. बेनिनचे तत्त्वज्ञ पोलाँ हुन्तोंजी यांनी १९७० च्या दशकात यावर कठोर टीका केली. अख्खा समाज एकमुखाने विचार करतो असं युरोपबद्दल कोणी म्हणत नाही, मग आफ्रिकेबद्दल का म्हणायचं? तत्त्वज्ञान कोणा एका माणसाचं असतं, त्याची जबाबदारी तो घेतो आणि दुसरा त्याला उत्तर देतो.

केनियाचे हेन्री ओडेरा ओरुका यांनी यातून वेगळी वाट काढली. ते गावोगावच्या जाणत्या माणसांशी बोलले आणि त्यांची मतं त्यांच्या नावानिशी नोंदवली. परंपरा नुसती सांगणारे कोण आणि तिच्यावर प्रश्न उभे करणारे कोण, हा फरकही त्यांनी केला. टिपणं काढताना हीच शिस्त पाळा. प्रत्येक विचारापुढे नाव, देश आणि काळ लिहा. नाव सापडत नसेल तर ते वाक्य शिकवू नका.

नुसती भर घालून भागत नाही

याचं सर्वांत बोलकं उदाहरण केपटाऊन विद्यापीठाचं आहे, आणि त्यातल्या मुख्य माणसाचा जन्म मुंबईचा. महमूद ममदानी इथे जन्मले, युगांडात वाढले आणि १९९६ मध्ये केपटाऊनला आफ्रिका-अभ्यासाचे प्राध्यापक झाले. वर्णभेद संपला होता. नव्या विद्यार्थ्यांसाठी आफ्रिकेवरचा पायाभूत अभ्यासक्रम करायचं काम त्यांच्याकडे आलं, पण त्यांचा आराखडा बाजूला ठेवून विद्यापीठाने दुसराच आणला. ममदानींचे आक्षेप नेमके होते. त्या अभ्यासक्रमातली आफ्रिका सहारा आणि लिंपोपो नदी यांच्यामध्येच होती. दक्षिण आफ्रिका तिच्याबाहेर होती. आणि आफ्रिकेतल्या विचारवंतांचे आपसातले वाद त्यात जवळजवळ नव्हतेच. अभ्यासक्रमाच्या नावात आफ्रिका होती, पण बोलणारे दुसरेच होते. पुढे त्यांनी ते विद्यापीठ सोडलं. २०१५ मध्ये त्याच आवारातला ब्रिटिश साम्राज्यवादी सेसिल ऱ्होड्सचा पुतळा विद्यार्थ्यांनी हटवायला लावला, तेव्हा अभ्यासक्रमाचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला.

तुमच्या वाचनयादीत आफ्रिकी लेखक शेवटच्या आठवड्यात येत असेल तर तो पहिल्या आठवड्यात आणून पाहा. जर्मन तत्त्वज्ञ हेगेलने आफ्रिकेला इतिहासाबाहेर ढकललं होतं. त्याला विद्यार्थी हुन्तोंजींनंतर भेटू दे.

शेक्सपिअरला हाकलायचं, असा अर्थ काढू नका

१९६८ मध्ये केनियातल्या नैरोबी विद्यापीठात (तेव्हाचं युनिव्हर्सिटी कॉलेज) न्गुगी वा थिओंगो, तबान लो लियोंग आणि हेन्री ओवुओर-अन्युम्बा या शिक्षकांनी इंग्रजी विभाग बरखास्त करा अशी मागणी केली. ‘इंग्रजी साहित्य नको’ असा तिचा अर्थ आजही सर्रास लावला जातो. मागणी होती ती केंद्र बदलण्याची: आधी आफ्रिकेचं साहित्य, मौखिक परंपरेसह, आणि तिथे पाय रोवून मग जगाचं. टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्यरेरे यांनी तर शेक्सपिअरची दोन नाटकं स्वतः स्वाहिलीत आणली. घानाचे तत्त्वज्ञ क्वासी विरेडू दोन्हीकडे तपासणी मागतात. परकी संकल्पना आपल्या भाषेत टिकते का ते पाहा, आणि आपलं म्हणून मिळालेलंही न तपासता घेऊ नका. वडीलधाऱ्यांपुढे प्रश्न न विचारणं ही परंपरा असली, तरी विरेडू तिच्यावर बोट ठेवायला कचरत नाहीत.

प्रश्नपत्रिका जुनीच राहते

बदल इथेच अडतो. न्यरेरेंनी १९६७ मध्ये स्वावलंबनासाठी शिक्षणाचं धोरण मांडलं, प्राथमिक शाळेत स्वाहिली आली, पण माध्यमिकची इंग्रजी तशीच राहिली. वरच्या वर्गाचा दरवाजा ज्या भाषेत उघडतो तीच भाषा पालकांना खरी वाटते, यात पालकांचा काय दोष?

तुमच्या हातात धोरण नसेल, प्रश्नपत्रिका तर असेल. ‘उबुंटूवर टीप लिहा’ हा प्रश्न काढून टाका. त्याऐवजी विचारा: ‘बिको कुटुंबाच्या बाजूने युक्तिवाद करा; त्यात उबुंटूचा आधार घ्या.’ उत्तर स्वतःच्या भाषेत लिहायची मुभा द्या आणि गुण युक्तिवादाला द्या.