रेकॉर्डिंगचं बटण बनवताय? या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ओव्या, भजनं, भारुडं रेकॉर्ड करायला आता स्वतःचं ॲप बनवणारी पोरं भेटतात. हौस चांगली आहे. पण ॲप उघडून बघितलं की बटणाला सावली झकास, रंग झकास, आणि रेकॉर्डिंग खरंच चालू आहे का, हे मात्र देवालाच माहीत.

सगळ्यात जास्त डोक्यात जाणारी चूक म्हणजे एकाच बटणावर सुरू आणि बंद, आणि मधल्या अवस्थेला काहीच नाही. माईक उघडायला फोनला वेळ लागतो, जुन्या फोनला जास्तच. नंदगडच्या बाजूला एका खेड्यात कॉलेजची दोन पोरं आजींच्या जात्यावरच्या ओव्या घ्यायला आली होती, मीही होतो. पोरानं बटण दाबलं. स्क्रीन ढिम्म. म्हणून परत दाबलं. पहिल्या दाबानं सुरू, दुसऱ्यानं बंद. त्याला काहीतरी लुकलुकलेलं दिसलं, झालं समाधान. आजी पायली संपेपर्यंत गात होत्या. शेवटी यानं 'बंद' करायला बटण दाबलं, आणि रेकॉर्डिंग सुरू झालं. घरी जाऊन ऐकतात तर पहिल्या फाईलमध्ये "हं, म्हणा आज्जी", आणि दुसरीत चहात साखर जास्त झाली का याची चर्चा. परत गेले तर आजी म्हणाल्या, "पीठ झालं की रं सगळं, आता काय दळू?"

यावर पोरांनी काढलेला उपाय म्हणजे दुसरा दाब अर्धा सेकंद दुर्लक्षित करायचा. असली ठिगळं मला पटत नाहीत. माईकला दीड सेकंद लागला तर? बोट टेकताक्षणी बटण 'तयार होतंय' असं दिसलं पाहिजे आणि तोवर दुसरा दाब घ्यायचाच नाही. लाल व्हायचं ते आवाजाचे पहिले नमुने (सॅम्पल, म्हणजे सेकंदाला हजारो वेळा घेतलेली आवाजाची मापं) फाईलमध्ये पोचल्यावरच. आणि 'थांबवा' मी नेहमी वेगळ्या जागी, चौकोनी ठेवतो. नुसत्या लाल-हिरव्यावर भिस्त ठेवू नका, कित्येकांना तो फरक दिसत नाही.

पळणारा टायमरही असाच थापाड्या. बहुतेक जण तो फोनच्या घड्याळावर चालवतात, त्यामुळे माईक तुटला तरी आकडे आपले पळतच राहतात. मी लिहिले गेलेले नमुने मोजतो आणि 48,000 नं भागतो, कारण सेकंदाला तेवढे नमुने घेतो. लिहिणं अडलं की टायमर अडतो. तेवढ्यानंही भागत नाही. अँड्रॉइड 10 पासून मध्येच फोन आला आणि उचलला तर सिस्टीम तुमच्या ॲपला एरर न देता नुसती शांतता देते. नमुने येतात, पण सगळे शून्य. खऱ्या माईकमधून सलग शून्य कधीच येत नाही, रिकाम्या खोलीतसुद्धा थोडी खरखर असतेच. दोन-तीन सेकंद निव्वळ शून्य दिसलं की स्क्रीनभर बोंब मारा.

दुसरी माझी लाडकी चूक: फाईल 'थांबवा' दाबल्यावरच नीट बंद करणं. वेव्ह (.wav) फाईलच्या सुरुवातीला आकार लिहिलेला असतो, आणि घाईची पोरं तो शेवटी एकदाच भरतात. खानापूरच्या पावसात लाईट जाते, बॅटरी मेलेला लॅपटॉप बसतो, आणि मागं राहते ती 'शून्य सेकंद' दाखवणारी भलीमोठी फाईल. आवाज आत असतो. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये ती रॉ डेटा म्हणून आणा, 24 बिट, 48,000, चॅनेल किती ते सांगा, सुरुवातीचा माहितीचा भाग (बहुतेकदा 44 बाइट) वगळायला सांगा, बहुतेक वेळा सगळं परत मिळतं. पण भजनी मंडळाच्या बुवांनी हे कुठं शिकायचं? दर पाच सेकंदांनी डिस्कवर लिहा आणि आकार दुरुस्त करा.

त्यातच हेही बघा: साध्या वेव्हला 4 जीबीची मर्यादा आहे. 48,000 हर्ट्झ, 24 बिट, स्टिरिओ म्हणजे मिनिटाला साधारण 17 एमबी. रात्रभराचा जागर चार तासांनंतर ती मर्यादा ओलांडतो. आरएफ64 (वेव्हचाच मोठ्या फाईलींसाठीचा प्रकार) वापरा, नाहीतर दर तासाला नवी फाईल काढा, मात्र मध्ये एकही नमुना गळता कामा नये.

आवाज मर्यादेबाहेर जाऊन फाटल्याचा दिवा क्षणभर पेटून विझत असेल तर काढूनच टाका. पखवाजाची थाप पडते तेव्हा सगळे बुवांकडं बघत असतात. दिवा हातानं विझवेपर्यंत पेटलेला राहू दे.

'आपोआप आवाज सुधारा' हे मुळात बंद असावं. थाप पडली की गाणाऱ्याचा आवाज दबतो, आणि पेटीचा लांब सूर ॲपला गोंगाट वाटतो.

'थांबवा'ला "खात्री आहे का?" विचारू नका. डिलीटलाही नको. डिलीट केलेलं तीस दिवस बाजूला ठेवा, बास.

आणि लॅपटॉपवाल्यांनो, स्पेसबार. रेकॉर्ड बटणावर क्लिक केल्यावर फोकस तिथंच राहतो, म्हणजे पुढची कळ त्या बटणालाच लागते. आपण नाव टाईप करतोय असं समजून माणूस स्पेस दाबतो, आणि रेकॉर्डिंग बंद. रेकॉर्डिंग चालू असताना स्पेसला काहीही करू देऊ नका, थांबवायला दोन कळा एकदम लागू देत.