आधी आरसा की आधी सरकवणं?

आकृती आधी परावर्तित करून (म्हणजे आरशातल्यासारखी उलटवून) मग सरकवायची की उलट, इथे मुलं हमखास अडखळतात. अशा वेळी अख्खी आकृती सोडा, एकच शिरोबिंदू धरा. (२, १) हा बिंदू वाय-अक्षात, म्हणजे आलेखाच्या मधल्या उभ्या रेषेत, परावर्तित केला की (–२, १). मग उजवीकडे ३ घरं सरकवला की (१, १). आता क्रम फिरवा: आधी (५, १), मग (–५, १). उत्तरं कुठल्या कुठे! सरकवणं वर-खाली, म्हणजे आरशाच्या रेषेला समांतर असेल, तर मात्र क्रम कसाही चालतो. ओल्या वाळूतली डाव्या-उजव्या पावलांची रांग अशीच उमटते. सरावाला चौरस घेऊ नका, तो उलटला तरी तसाच दिसतो, त्यात चूक लपते. आलेख कागदावर ‘ग’ काढा, बटर पेपरवर गिरवा आणि पेपर पालथा घालून पडताळा.