आंब्याची पेटी विकताना शिकलेलं मार्केटिंग

बी.कॉम. करून पुण्यात नोकरी शोधत होते आणि लॉकडाऊन लागला. 2020 चा मार्च. देवगडला काकांच्या बागेत आंबा तयार होत आला होता, पण वाशी मार्केटचा भरवसा नव्हता. काका फोनवर म्हणाले, "तू मोबाईलवर काहीतरी करत असतेस ना, बघ चार पेट्या जातात का." माझं डिजिटल मार्केटिंग असं सुरू झालं. कोर्स नंतर केला.

त्याआधी माल दलालाकडे जायचा आणि हमाली, कमिशन कापून पट्टी, म्हणजे हिशोबाची चिठ्ठी, यायची. आंबा कोणी खाल्ला, गोड लागला का, हे काकांना इतक्या वर्षांत कधी कळलंच नव्हतं. आता रात्री अकराला फोटोसकट कळतं: "ताई, दोन खराब निघाले." या कामात येणाऱ्यांनी हे आधी समजून घ्या. पोस्ट टाकणं दहा मिनिटांचं, उत्तरं देणं दिवसभराचं.

पहिली चूक ब्रॉडकास्टची. नात्यातले, सोसायटीतले, मैत्रिणींच्या ऑफिसातले असे दोनशेच्या वर नंबर गोळा केले, व्हॉट्सअ‍ॅपवर यादी केली, मेसेज सोडला आणि वाट बघत बसले. ज्याने आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच ब्रॉडकास्ट पोचतो, हे मला ठाऊकच नव्हतं! तेव्हापासून प्रत्येक पेटीत नंबर सेव्ह करण्याची चिठ्ठी असते.

दुसरा धडा साक्याचा. आंबा बाहेरून पिवळाधमक, कापला की आत पांढरट, भुसभुशीत. बाहेरून तो बागायतदारालाही कळत नाही. काकांना कॅमेऱ्यासमोर असाच एक आंबा कापायला लावला आणि "निघाला तर फोटो पाठवा, बदली देऊ" असं बोलायला लावलं. काकू चिडली, "आपल्याच आंब्याची बदनामी कशाला?" मोहराच्या गाणंबिणं लावलेल्या रीलला याच्या कितीतरी पट व्ह्यूज होते, त्यातून पेट्या गेल्या तीन. साक्याचा व्हिडिओ मात्र लोक अजून एकमेकांना पाठवतात, आणि नवीन गिऱ्हाईक त्याचंच नाव काढतं. म्हणून ऑर्डर कुठून आली हे विचारून वहीत लिहा. लाईक्स मोजू नका.

एका फूड ब्लॉगरने दोन पेट्या फुकट मागितल्या. पेट्या फुकट मिळाल्या असं पोस्टमध्ये लिहिणार नाही म्हणाली. फुकट वस्तू घेतली तरी ती जाहिरात असल्याचं स्पष्ट सांगावं, असा जाहिरात मानक परिषदेचा 2021 पासूनचा नियम आहे. मी तो काकांना समजावत होते, तोवर त्यांनी नकार देऊनही टाकला होता. नियमासाठी नाही, पेट्यांसाठी.

निम्मा माल ते अजून वाशीलाच पाठवतात. मी वाद घालणं सोडलंय. मे महिन्यात एका दिवसात शंभर पेट्या उतरल्या, तर तेवढ्या मोबाईलवर खपत नाहीत, आणि पिकायला लागलेला आंबा थांबत नाही.