छोट्या गाडीचे टायर आणि डिस्क बदलताना: विदर्भातल्या रस्त्यांसाठी

खेड्यातली छोटी गाडी एकाच दिवसात तीन तऱ्हेच्या रस्त्यांवर धावते. घरापासून सडकेपर्यंत मुरमाची पांदण, तालुक्यापर्यंत खड्ड्यांचं डांबर आणि पुढे नागपूर-अमरावतीकडे निघालं की चौपदरी नाहीतर समृद्धीचं काँक्रीट. वरून मे महिन्यात अकोला, वर्धा, चंद्रपूर पट्ट्यात पारा 45 च्या पलीकडे. रुंद टायर, मोठं अलॉय, म्हणजे मिश्रधातूची डिस्क (टायर ज्यावर चढतो ते धातूचं चाक), आणि बुटकी साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, हा शहरात मिळणारा सल्ला या रस्त्यांवर महागात पडतो. इथल्या गाडीला उंच साइडवॉल, स्टीलची डिस्क, कंपनीचं माप आणि ताजा टायर लागतो.

आधी जुना टायर वाचा

नक्षीच्या खाचांत, तळाशी, आडव्या छोट्या पट्ट्या असतात. साइडवॉलवर जिथे ‘टीडब्ल्यूआय’ किंवा लहानसा त्रिकोण छापलेला असतो, त्याच्या सरळ रेषेत त्या सापडतात. नक्षी झिजून या पट्टीच्या बरोबरीला आली की खोली 1.6 मिलिमीटर उरते आणि कायद्यानं टायर संपला. पण मृगाच्या आधी खोली 3 मिलिमीटरच्या खाली गेलेली असेल तर पावसाळा त्या टायरवर काढू नका. खाचांचं काम पाणी बाहेर फेकण्याचं आहे. त्या उथळ झाल्या की साचलेल्या पाण्यावर चाक तरंगतं आणि ब्रेक दाबूनही गाडी सरळ पुढे जाते.

नक्षी भरपूर असूनही टायर बाद होतो. साइडवॉलवर फुगा आला म्हणजे आतले धागे तुटले. तो टायर त्याच दिवशी काढायचा, स्टेपनीलाही ठेवायचा नाही. साइडवॉलवर आणि खाचांच्या तळाशी बारीक भेगांचं जाळं दिसलं तर रबर म्हातारं झालं. विदर्भाच्या उन्हात अंगणात उभ्या राहणाऱ्या, कमी चालणाऱ्या गाडीचे टायर झिजण्याआधीच असे वाळतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर टायर काढून आतून-बाहेरून तपासून घ्या.

झीज कुठे झाली तेही बघा, कारण गाडीतला दोष तसाच राहिला तर तो नवा टायरही खाईल. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहिली. मधला पट्टा झिजला असेल तर हवा जास्त. एकच कड खाल्ली असेल, किंवा हात फिरवल्यावर एका दिशेनं मऊ आणि उलट दिशेनं करवतीसारखं लागत असेल, तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांची सरळ रेषा, गेलं. जागोजाग वाटीसारखे खड्डे पडले असतील तर शॉकअप तपासा. वणी-चंद्रपूरकडच्या कोळशाच्या ट्रकांनी फोडलेल्या रस्त्यांवर चाकाला धरणाऱ्या लोअर आर्मचे बुश आणि चाक वळवणारे टायरॉड एंड लवकर ढिले पडतात. ते आधी बदला, मग टायर. ढिल्या बुशांवर केलेलं अलाइनमेंट टिकत नाही.

माप

ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर स्टिकर असतो. गाडीच्या प्रकाराप्रमाणे टायरचं माप आणि हवा त्यावर लिहिलेली असते. जुन्या टायरवर विसंबू नका, आधीच्या मालकानं भलतंच माप टाकलेलं असू शकतं.

165/80 आर 14 85 टी हे माप घ्या. 165 म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, 80 म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या 80 टक्के, आर म्हणजे रेडियल, 14 म्हणजे इंचात डिस्कचा व्यास. 85 हा भाराचा आकडा, एका टायरवर जास्तीत जास्त 515 किलो. टी म्हणजे ताशी 190 किलोमीटरपर्यंतचा वेग. भाराचे आणखी काही आकडे: 74 म्हणजे 375 किलो, 79 म्हणजे 437, 82 म्हणजे 475, 88 म्हणजे 560. तुमच्या मॉडेलला कंपनीनं दिलेल्या आकड्यापेक्षा खालचा टायर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. घरची पाच माणसं आणि डिकीत सोयाबीनचे दोन कट्टे बसले की मागच्या टायरची सगळी सूट संपते.

माप बदलायचंच असेल तर चाकाची एकूण उंची काढा: डिस्कचे इंच गुणिले 25.4, अधिक साइडवॉलची उंची दोनदा. 165/80 आर 14 ची उंची येते सुमारे 620 मिलिमीटर, 185/65 आर 15 ची 621. जवळजवळ सारखीच. म्हणूनच स्विफ्टच्या खालच्या मॉडेलना पहिलं आणि वरच्या मॉडेलना दुसरं माप कंपनीच देत आली आहे. पण साइडवॉल पाहा: पहिल्याची 132 मिलिमीटर, दुसऱ्याची 120. खड्ड्याची धार आणि डिस्क यांच्यामध्ये 12 मिलिमीटर जास्त रबर आणि हवा. खराब रस्त्यावर रोज चालणाऱ्या 15 इंची अलॉयच्या गाडीला खालच्या मॉडेलची 14 इंची स्टील डिस्क आणि 165/80 टायर लावणं हा शहाणा बदल आहे. त्याच पिढीच्या, त्याच इंजिनाच्या मॉडेलला ते माप कंपनीनं दिलेलं असलं पाहिजे, आणि ब्रेकच्या कॅलिपरला (चाक थांबवणाऱ्या चिमट्याला) ही डिस्क घासत नाही हे चाक हातानं फिरवून बघायचं.

उलट दिशेचा बदल, म्हणजे 145/80 आर 13 च्या जागी 155/80 आर 13, गावोगावी केला जातो. उंची 562 वरून 578 होते, जवळपास तीन टक्के वाढ. गाडी आठ मिलिमीटर उचलली जाते, पांदणीतल्या मधल्या उंचवट्यावर त्याचा थोडा फायदा होतो. त्या बदल्यात काटा खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो, चढावर ओढ थोडी कमी होते, आणि गाडी भरलेली असताना पूर्ण वळणावर टायर मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला घासू शकतो. तीन टक्क्यांच्या पुढे जाऊच नका.

डिस्क: स्टील की अलॉय

खड्ड्यात जोरानं आदळली की स्टीलची डिस्क वाकते, अलॉय तडकतं. वाकलेली कड तालुक्याच्या गावी ठोकून सरळ होते. तडकलेलं अलॉय वेल्डिंग करून वापरणं धोक्याचं आहे. तापानं धातूचा कणखरपणा जातो आणि पुढची तडा शेजारीच पडते. आमचं मत स्पष्ट आहे: गाडी महिन्यातून एकदोनदाच मोठ्या रस्त्याला लागत असेल तर स्टील.

दुसरी डिस्क घेताना पाच गोष्टी जुळल्या पाहिजेत. नटांची संख्या आणि पीसीडी, म्हणजे नटांच्या भोकांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. चार भोकांच्या डिस्कवर समोरासमोरच्या दोन भोकांचं मध्यापासून मध्यापर्यंत अंतर मोजलं की तो मिळतो. बऱ्याच छोट्या गाड्यांना तो 100 मिलिमीटर आहे, पण ‘सगळ्यांना हेच बसतं’ यावर विश्वास न ठेवता मोजा. सुरुवातीच्या रेनो क्विडला तर तीनच नट होते. मग मधलं भोक: ते हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर, घट्ट बसलं पाहिजे. मोठं असेल तर मधे रिंग टाकावी लागते, नाहीतर बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं) करूनही स्टेअरिंग थरथरतं. डिस्कची रुंदी टायरला चालणारी हवी, 185/65 ला किमान 5 इंच. डिस्कच्या आत कोरलेला ‘ईटी’ आकडा, म्हणजे डिस्कची मधली रेषा आणि हबला टेकणारा भाग यांतलं अंतर, मूळच्या जवळ हवा. तो फार कमी असला तर चाक बाहेर येतं आणि बेअरिंगवर ताण पडतो. शेवटची गोष्ट नट: अलॉयला त्याच्या बैठकीच्या आकाराचेच नट लागतात. स्टील डिस्कचे नट त्यावर कसले तर ते घट्ट वाटतात आणि चालताना सैल होतात.

दुकानात

साइडवॉलवर ‘डीओटी’नं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. 2325 म्हणजे 2025 चा तेविसावा आठवडा. हे आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात, म्हणून बसवण्याआधी चारही टायर उलटून पाहा, बसल्यावर ते आत जाऊ शकतात. सहा महिन्यांच्या आतला टायर उत्तम, वर्षापर्यंतचा चालेल, त्याहून जुना परत करा. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा दुकानासमोर उन्हात रचलेला टायर तर नकोच. चारही टायरांची तारीख जवळजवळ एक असावी. आयएसआयची खूण बघा. बिलावर टायरचे नंबर लिहून घ्या, वॉरंटी मागताना तेच विचारतात. 22 सप्टेंबर 2025 पासून नव्या टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला आहे, बिलातला कर तपासा.

नक्षीबद्दल अपेक्षा खऱ्या ठेवा. ओल्या काळ्या मातीत कारचा कुठलाच टायर चालत नाही. दोन फेऱ्यांत खाचा चिखलानं भरतात आणि टायर गुळगुळीत होतो. म्हणून चिखलासाठी जाड गुट्ट्यांचा टायर शोधू नका, तो डांबरावर आवाज करतो आणि पेट्रोल खातो. सरळ, रुंद, खोल खाचांचा आणि जास्त टिकण्यासाठी केलेला टायर घ्या. अपोलो अमेझर 4जी लाइफ, सिएट मिलेज एक्स 3, एमआरएफ झेडव्हीटीव्ही ही त्यातली नेहमीची नावं. तुमच्या मापात त्यातला जो सगळ्यात ताजा मिळेल तो घ्या.

वापरलेले टायर विकणारे काही जण घासलेल्या खाचा गरम पात्यानं खोल करून वर काळा रंग मारतात. ओळखायची खूण एकच: खाचांतल्या आडव्या पट्ट्याही कापल्या गेलेल्या असतात. अशा टायरमध्ये खाचेखाली जेमतेम रबर उरतं आणि समृद्धीच्या तापलेल्या काँक्रीटवर तो फुटतो.

दोनच टायर घ्यायचे असतील तर नवे मागे लावा, इंजिनाचा जोर पुढच्या चाकांवर असला तरी. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर वेग सोडून गाडी सावरता येते, मागची घसरली तर गाडी गरकन फिरते.

बसवणं

ट्यूबलेस टायर टामी आणि हातोड्यानं चढवू देऊ नका. डिस्कला धरणारी कड कापली की हवा कायमची झिरपते. मशीन, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट एकाच ठिकाणी असलेलं दुकान गाठा, त्यासाठी जिल्ह्याच्या गावी जावं लागलं तरी चालेल. निघण्यापूर्वी डिस्कच्या आतली वाळलेली काळी माती धुऊन काढा. पाव किलोचा गोळा आत चिकटलेला असताना केलेलं बॅलन्सिंग तो गळून पडताच बिघडतं. उलट, पावसाळ्यात अचानक 80 च्या वेगाला स्टेअरिंग थरथरू लागलं तर गॅरेजआधी चाकं धुऊन बघा.

जुना टायर निघाला की डिस्कच्या कडेचा गंज तारेच्या ब्रशनं खरवडून घ्या. व्हॉल्व्ह प्रत्येक चाकाला नवा टाका, जुन्याचं रबर उन्हानं तडकलेलं असतं. कडेला साबणाचं पाणी किंवा टायरची पेस्ट लावायची, ग्रीस किंवा जळकं ऑइल नाही. टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हसमोर यावा, बाणाची खूण असेल तर ती पुढे फिरण्याच्या दिशेनं. नट आधी हातानं फिरवा, मग समोरासमोर असे आलटूनपालटून कसा. छोट्या गाड्यांना कसण्याचा जोर साधारण 85 ते 110 न्यूटन-मीटर लागतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. 50 ते 100 किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासा. पहिले 200 किलोमीटर जोरात ब्रेक आणि वेगात वळणं टाळा, नव्या टायरवरचा गुळगुळीत थर तोवर उडतो.

हवा आणि काटे

हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी तपासायची. बाहेरचं तापमान 10 अंशांनी बदललं की हवेचा आकडा साधारण दीड पीएसआय बदलतो. जानेवारीच्या 10 अंशांच्या पहाटे भरलेले 33, मेच्या 30 अंशांच्या पहाटे 36 दिसतात, म्हणून ऋतू बदलला की पुन्हा स्टिकरच्या आकड्यावर आणा. पण दुपारी धावून आलेल्या गरम टायरमधली हवा ‘फुटेल’ म्हणून काढू नका. टायर फुटतो तो बहुधा कमी हवेनं: साइडवॉल जास्त वाकते, आत उष्णता साठते आणि धागे सुटतात. समृद्धीवर 120 ची मुभा असली तरी पाच वर्षांच्या टायरवर आणि भरलेल्या गाडीत ती वापरू नका, दर दोन तासांनी सावलीत थांबा. गाडी भरून निघताना स्टिकरवरचा पूर्ण भाराचा आकडा घ्या, मागच्या चाकांना तो बहुधा जास्त असतो.

बाभूळ आणि हिवराचे काटे नक्षीत घुसतात. ट्यूबलेसमध्ये ते लगेच कळत नाही, हवा आठवड्याला दोन-तीन पीएसआय उतरते. साबणाच्या पाण्यानं बुडबुडा शोधा आणि पट्टी मारा. नक्षीच्या मधल्या भागात, 6 मिलिमीटरपर्यंतचं छिद्र दुरुस्त होतं. पऱ्हाटी उपटल्यावर राहिलेली धसकटं आणि तुराट्यांचे कापलेले बुडखे मात्र साइडवॉलमध्ये शिरतात, तिथे पट्टी टिकत नाही, टायर बदलावाच लागतो. म्हणून वेचणी संपल्यावर वावरात गाडी घालू नका, धुऱ्यावरच उभी करा. ट्यूबलेसमध्ये ट्यूब टाकणं फक्त घरी पोहोचण्यापुरतं, 50 च्या आत. टायरच्या आतल्या अंगावर ट्यूब घासून तापते आणि फुटली तर हवा एका क्षणात जाते.

दर 8 ते 10 हजार किलोमीटरला पुढची चाकं मागे, मागची पुढे करा आणि त्याच फेरीत अलाइनमेंट बघून घ्या. स्टेपनीत स्टिकरपेक्षा दोन-तीन पीएसआय जास्त हवा ठेवा. चारही टायर एकदम बदलले तर उतरलेल्यांपैकी सगळ्यात नव्या तारखेचा, फुगा नसलेला आणि 3 मिलिमीटर नक्षी उरलेला टायर स्टेपनीला चढवा. तसा एकही निघाला नाही तर पाचवा नवाच घ्या.